एकच सूर्य, कळंब्याचा आणि टिंबक्टूचा

वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य कोल्हापूरजवळच्या कळंब्याच्या नेमका डोक्यावर येतो. एकदा मेच्या पहिल्या आठवड्यात, दुसऱ्यांदा ऑगस्टच्या. पहिल्या खेपेला तलावाच्या बांधावर उभ्या माणसाची सावली त्याच्याच पायांखाली दडते. दुसऱ्या खेपेला सावली पाहायला ऊनच नसते, कारण झड लागलेली असते. मेमध्ये दुपारचा पारा पस्तीसच्या घरात, ऑगस्टात सव्वीस-सत्तावीस. सूर्य तोच, किरणांचा कोनही तोच, तरी फरक आठ-नऊ अंशांचा.

कोल्हापूर 16 अंश 42 कला उत्तर अक्षांशावर आहे. आफ्रिकेतल्या माली देशातले टिंबक्टू 16 अंश 46 कलांवर, म्हणजे जवळपास त्याच रेषेवर. तिथे मे-जूनमध्ये पारा सहज चाळिशी ओलांडतो आणि वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आसपास. इकडे ऊस, तिकडे सहाराची वाळू.

म्हणून अक्षांश निरुपयोगी ठरत नाही. डिसेंबरच्या अखेरीस दुपारचा सूर्य कळंब्यात क्षितिजापासून सुमारे 50 अंश वर असतो, लंडनमध्ये जेमतेम 15. आपला सर्वांत छोटा दिवस अकरा तासांहून मोठा, त्यांचा आठ तासांचाही नाही. कोल्हापूरची थंडी सकाळी स्वेटर घालायला लावते आणि दहा वाजता काढायला, ती अक्षांशाचीच कृपा.

आता उंची. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. कळंबा थोडे आणखी वर. म्हणूनच संस्थानकाळात या तलावाचे पाणी पंपाशिवाय, निव्वळ उताराने शहरात जात असे. डोंगर सूर्याच्या जवळ, मग गार का, ही पोरांची शंका रास्त आहे. पण सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर. त्यात एखाद्या किलोमीटरचा काय हिशोब? हवा मुख्यतः तापलेल्या जमिनीमुळे तापते. वर चढताना दाब कमी होतो, हवा प्रसरण पावते आणि थंड होते. सरासरी दर हजार मीटरला साडेसहा अंश. पन्हाळा कोल्हापूरपेक्षा चारशे मीटरने उंच, म्हणजे अडीच अंशांचा दिलासा. हाच नियम पुढे ताणला तर मेक्सिकोचा पिको दे ओरिझाबा दिसतो: मुंबईच्याच अक्षांशावर, 5,636 मीटर उंच आणि माथ्यावर हिमनदी. महाराष्ट्राचे कळसूबाई 1,646 मीटरवर थांबते, त्यामुळे आपल्याला तो थाट नाही.

पण शाळेतले हे गणित रत्नागिरीच्या रस्त्यावर फसते. रत्नागिरी जवळजवळ त्याच अक्षांशावर आणि समुद्राला लागून. नियमाने ती कोल्हापूरपेक्षा साडेतीन अंशांनी गरम हवी. प्रत्यक्षात एप्रिलच्या दुपारी कोल्हापूरच तापते. समुद्र सावकाश तापतो आणि किनाऱ्याचा पारा आवरून धरतो. घामाने जीव नकोसा होतो ती बाब वेगळी. शिवाय देशावरची उंची एकट्या शिखराची नाही. इथे तापणारी जमीनच उंचावर आहे, तवाच वर उचलून ठेवल्यासारखी. सोलापूरही साडेचारशे मीटरवर आहे, पण त्या उंचीचे कौतुक मे महिन्यात सोलापूरकराला सांगून पाहावे! रात्री मात्र हिशोब फिरतो. कोरडी हवा उष्णता धरून ठेवत नाही, म्हणून जानेवारीच्या पहाटे कोल्हापूर रत्नागिरीपेक्षा स्पष्ट गार असते.

सगळ्यात मोठी करामत सह्याद्रीची. समुद्रावरून आलेले ओले वारे घाटाला धडकतात, वर चढतात, गार होतात आणि त्यांतले बाष्प पाऊस होऊन कोसळते. गगनबावड्याला वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला पंचावन्न किलोमीटरवरच्या कोल्हापुरात तो हजारावर येतो आणि शिरोळकडे त्याच्याही निम्मा होतो, कारण घाट उतरणारी हवा पुन्हा तापते, कोरडी पडते. एकच जिल्हा, जवळपास एकच अक्षांश, आणि पावसात दहापट फरक. पश्चिमेला भात-नाचणी, पूर्वेला पाणी मिळेल तिथे ऊस आणि द्राक्षबागा. हवामान ठरवताना या जिल्ह्यात अक्षांशापेक्षा घाटमाथ्यापासूनचे अंतर भारी पडते, असेच म्हणावे लागेल.

याची उलटी बाजू 2005 आणि 2019 च्या महापुरात दिसली. पाऊस कमी असलेला शिरोळ तालुकाच पाण्याखाली गेला. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, आणि या दोन्ही नद्या घाटावरचे पाणी घेऊन येतात. पावसाळ्यात शिरोळच्या माणसाने अंगणातल्या पावसावर विसंबू नये. गगनबावडा, राधानगरी आणि महाबळेश्वरचे आकडे रोज पाहावेत.