घरातील प्रत्येक उपकरणाला हवा स्वतःचा पत्ता
राउटर, प्रिंटर आणि कॅमेऱ्यांच्या आयपी क्रमांकांची नीट आखणी कशी करावी?

खमरिया (जबलपूर) : खमरिया या नावाची गावे मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये एकाहून अधिक आहेत. जबलपूरचे खमरिया त्यांपैकी सर्वाधिक परिचित, ते तेथील आयुध निर्माणीमुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभा राहिलेला हा दारूगोळा कारखाना १ ऑक्टोबर २०२१ पासून पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीच्या अखत्यारीत आहे. तरीही पाकिटावर नुसते ‘खमरिया’ लिहिले, तर टपाल नेमके कोणत्या गावी जावे हे ठरत नाही. त्याखाली ‘४८२००५’ हे सहा अंक असले की शंका उरत नाही.

ही सोय देशाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी मिळाली. संस्कृतचे व्यासंगी आणि कवी असलेले श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील मराठी अधिकारी पिनकोडचे जनक मानले जातात. या क्रमांकातील पहिला ४ हा अंक महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गोवा यांचा समावेश असलेल्या विभागाचा आहे. ४८२ हे तीन अंक मिळून जबलपूरचा वर्गीकरण जिल्हा दाखवतात आणि उरलेले तीन अंक पत्र वाटणारे टपाल कार्यालय ठरवतात. व्यापक प्रदेशाकडून नेमक्या ठिकाणाकडे नेणारी हीच पद्धत इंटरनेटवरील पत्त्यांतही आढळते. आज घराघरांत राउटरभोवती मोबाइल, लॅपटॉप, दूरचित्रवाणी संच, प्रिंटर आणि सीसीटीव्ही कॅमेरे जमले आहेत. या प्रत्येकाला आयपी पत्ता लागतो. तो कोणी द्यावा, कोणता द्यावा आणि कोणाचा कायम ठेवावा, हे ठरवले नाही तर प्रिंटर अचानक नाहीसा होतो आणि कॅमेऱ्याचे चित्र ऐन गरजेच्या वेळी दिसत नाही.

पत्ते अपुरे का पडले?

सप्टेंबर १९८१ मध्ये निश्चित झालेल्या आयपी आवृत्ती ४ नुसार पत्ता चार संख्यांचा असतो आणि प्रत्येक संख्या ० ते २५५ या मर्यादेत असते. या हिशेबाने जगात एकूण ४ अब्ज २९ कोटींच्या आसपास पत्ते होऊ शकतात. त्या वेळी हा साठा अपार वाटला होता. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हाही एका घरात एक संगणक असणे ही चैन होती. पुढे चित्र झपाट्याने पालटले आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातील पत्त्यांचे अखेरचे गट वाटून संपले.

या टंचाईवरचा एक उपाय फेब्रुवारी १९९६ मध्येच रूढ झाला होता. पत्त्यांचे तीन पट्टे खासगी वापरासाठी राखून ठेवण्यात आले : १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ या दरम्यानचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे पत्ते कोणत्याही घराने किंवा कार्यालयाने परवानगीविना वापरावेत, मात्र ते बाहेरच्या इंटरनेटवर चालणार नाहीत, असा नियम ठरला. म्हणूनच नागपूरच्या घरातील दूरचित्रवाणी संचाचा आणि खमरियातील एखाद्या लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१.५ असा एकच असला तरी गोंधळ होत नाही. प्रत्येक गल्लीत ‘घर क्रमांक ५’ असावे, तसे हे आहे. एकाच गल्लीत दोन घरांना तो क्रमांक मिळाला, तर मात्र अडचण होते.

घरातून बाहेर जाणारी प्रत्येक मागणी राउटर आपल्या एका सार्वजनिक पत्त्याने पाठवतो. कोणती मागणी कोणत्या उपकरणाची, याची नोंद तो कार्यालयातील आवक-जावक नोंदवहीप्रमाणे ठेवतो आणि उत्तर आले की ते त्या उपकरणाकडे पोहोचवतो. अनेक सेवा कंपन्या अशीच आणखी एक नोंदवही आपल्या पातळीवर ठेवतात. राउटरच्या माहितीत बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल, तर तो ग्राहकाचा स्वतंत्र सार्वजनिक पत्ता नाही, असे समजावे. अशा जोडणीत बाहेरून थेट घरातील कॅमेऱ्यापर्यंत पोहोचण्याचे प्रयत्न सहसा निष्फळ ठरतात.

पत्ता मिळतो कसा?

नवे उपकरण वाय-फायला जोडले की ते ‘पत्ते देणारे कोणी आहे का’ अशी हाक सर्वांना ऐकू जाईल अशी देते. राउटर एक मोकळा पत्ता देऊ करतो, उपकरण त्याची रीतसर मागणी करते आणि राउटर मान्यता देतो. या चार पायऱ्यांच्या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. पत्त्यासोबत आणखी तीन गोष्टी कळवल्या जातात. सबनेट मास्क घरातल्या जाळ्याची हद्द सांगतो, गेटवे बाहेर जाण्याचे दार दाखवतो आणि डीएनएस संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे क्रमांक शोधून देतो.

हा पत्ता मालकीचा नसतो, तो ठरावीक मुदतीच्या भाडेकरारावर मिळतो. मुदत पुष्कळदा २४ तासांची असते आणि उपकरण चालू असेपर्यंत करार वाढत राहतो. दोन-चार दिवस वीज नसेल किंवा घर बंद असेल, तर परतल्यावर प्रिंटरला दुसराच पत्ता मिळू शकतो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहतो. प्रिंटर बिघडला असे वाटते, पण त्याचा केवळ पत्ता बदललेला असतो.

कोणाला कायमचा पत्ता द्यावा?

ज्या उपकरणाला इतरांनी शोधायचे असते, त्यालाच कायमचा पत्ता लागतो. प्रिंटर, कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र, फाइली साठवणारी हार्ड डिस्क आणि जोडीचा दुसरा राउटर ही त्याची उदाहरणे. मोबाइल, लॅपटॉप आणि दूरचित्रवाणी संच स्वतःच इतरांकडे मागणी करतात. त्यांना स्वयंचलित पत्ता पुरेसा आहे.

कायमचा पत्ता देण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात उपकरणाच्या सेटिंगमध्ये जाऊन पत्ता हाताने लिहिला जातो. यात सबनेट मास्क किंवा गेटवेतला एक अंक चुकला तरी जोडणी तुटते. शिवाय राउटरला या नेमणुकीची माहिती नसते, त्यामुळे तो हाच पत्ता दुसऱ्याला देण्याचा धोका राहतो. दुसरा मार्ग आरक्षणाचा. प्रत्येक उपकरणावर कारखान्यातच एक मॅक क्रमांक कोरलेला असतो. राउटरच्या डीएचसीपी विभागात त्या मॅक क्रमांकापुढे हवा तो पत्ता नोंदवला, की उपकरण स्वयंचलित पद्धतीवरच राहते आणि तरीही त्याला दरवेळी तोच पत्ता मिळतो. सर्व नोंदी एका जागी राहत असल्याने घरासाठी हा मार्ग अधिक सोयीचा आहे.

मोबाइलच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून मोबाइल आपला खरा मॅक क्रमांक न दाखवता बनावट क्रमांक वापरतात. माग काढणाऱ्यांपासून संरक्षण मिळावे, हा त्यामागील हेतू. एखाद्या मोबाइलसाठी आरक्षण करायचेच असेल, तर केवळ घरच्या जाळ्यापुरता हा पर्याय बंद करावा.

आखणी कशी करावी?

राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असेल, तर त्या घरात राउटर धरून २५४ पत्ते वापरता येतात. त्यांचे सरळ वाटप करावे. २ ते ९९ हे क्रमांक हाताने द्यायच्या कायम पत्त्यांसाठी मोकळे ठेवावेत आणि १०० ते १९९ हा पट्टा स्वयंचलित वाटपासाठी राउटरमध्ये नोंदवावा. काही राउटर आरक्षित पत्ता स्वयंचलित पट्ट्यातलाच मागतात. तेथे त्या पट्ट्याच्या सुरुवातीचे क्रमांक वापरावेत. पत्ते भरताना अंक इंग्रजी लिपीतच टाकावे लागतात.

राउटरचे सेटिंग उघडण्यासाठी त्याचा पत्ता ब्राउझरमध्ये लिहावा. तो ठाऊक नसेल तर विंडोज संगणकावर ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी. ‘डिफॉल्ट गेटवे’समोर दिसणारा क्रमांक राउटरचा असतो. याच यादीत संगणकाचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला, तर डीएचसीपीकडून उत्तर आले नाही आणि संगणकाने तात्पुरता पत्ता स्वतःच घेतला, असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी दोष संकेतस्थळात न शोधता राउटर, केबल किंवा वाय-फायच्या पासवर्डमध्ये शोधावा.

सर्वाधिक घोटाळा दुसऱ्या राउटरमुळे होतो. वरच्या मजल्यावर वाय-फाय पोहोचावे म्हणून आणलेला राउटर कारखान्यातील मूळ सेटिंगसह जोडला, की घरात पत्ते वाटणारे दोघे होतात. कधी दोन्ही राउटरचा पत्ता एकच असतो, तर कधी खालचा प्रिंटर आणि वरचा लॅपटॉप निरनिराळ्या जाळ्यांत जातात आणि एकमेकांना दिसत नाहीत. दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून चालवावा. ती सोय नसेल तर त्याला वेगळा कायमचा पत्ता द्यावा, त्याचे डीएचसीपी बंद करावे आणि केबल त्याच्या लॅन खाचेत जोडावी.

दार उघडे ठेवू नये

नोकरीनिमित्त दूर राहणाऱ्या मुलांना आईवडिलांच्या घरातील कॅमेरा पाहता यावा, यासाठी अनेक ठिकाणी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केले जाते. याचा अर्थ बाहेरून येणाऱ्या कोणालाही थेट कॅमेऱ्याच्या दारापर्यंत वाट करून देणे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रणालीने अशाच कॅमेऱ्यांना आणि चित्रण यंत्रांना कारखान्यातील मूळ पासवर्ड वापरून ताब्यात घेतले. त्यांच्याच बळावर २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डिन या डीएनएस सेवेवर झालेल्या हल्ल्याने अमेरिकेत अनेक मोठी संकेतस्थळे काही तास विस्कळीत झाली. त्यामुळे कायमचा पत्ता देण्याआधी उपकरणाचा पासवर्ड बदलावा, त्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत करावे आणि बाहेरून पाहण्यासाठी थेट दार उघडण्याऐवजी व्हीपीएनचा वापर करावा. अनोळखी पाहुण्यांसाठी ‘गेस्ट’ वाय-फाय वेगळे ठेवल्यास त्यांची उपकरणे कॅमेऱ्यांच्या जाळ्यात येत नाहीत.

आयपी आवृत्ती ६ मध्ये ही दक्षता अधिक गरजेची ठरते. या आवृत्तीत पत्त्यांची संख्या ३४० वर ३६ शून्ये इतकी प्रचंड असल्याने प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. भारतात इंटरनेट वापरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण या आवृत्तीच्या कक्षेत आले आहेत. तेथे आवक-जावक नोंदवहीचा आडोसा नसतो. राउटरमधील फायरवॉल हाच पहारेकरी असतो आणि तो कोणत्याही कारणाने बंद करू नये.

खमरियाच्याच टपाल पत्त्यावर २००५ मध्ये स्थापन झालेली पंडित द्वारकाप्रसाद मिश्र भारतीय माहिती तंत्रज्ञान, अभिकल्पन आणि उत्पादन संस्था आहे. अशा संस्थांमध्ये पत्त्यांचे नियोजन प्रशिक्षित कर्मचारी करतात. घरात ही जबाबदारी कोणावरच सोपवलेली नसते, म्हणून ती कुटुंबातील एकाने घ्यावी. उपकरणाचे नाव, मॅक क्रमांक, दिलेला पत्ता आणि दिनांक अशा चार रकान्यांची एक वही राउटरजवळ ठेवली, तर पुढच्या वेळी प्रिंटर किंवा कॅमेरा दिसेनासा झाल्यावर शोध कोठून सुरू करायचा हे घरातील कोणालाही कळेल.