रस्त्यात आहे, म्हणून आपले नाही

घरात स्वतंत्र कॅमेरा नसला तरी मोबाईल असतोच, आणि मोबाईल हातात आला की मुलांना फोटोचा शौक लागतो. या शौकाची एक वेगळी शाखा आता आमच्या गोंदिया जिल्ह्यातही दिसू लागली आहे. माणसांऐवजी वस्तूंचे फोटो. बाजारात उभी असलेली जुनी राजदूत, कुणाची लुना, ट्रकच्या मागच्या फळ्यावर रंगवलेले मोर आणि शेरोशायरी, टपरीवरची पितळी किटली, जुन्या घराचा कोरीव दरवाजा. मुले फोटो काढतात, चांगले निवडतात आणि इन्स्टाग्रामवर टाकतात.

शौक वाईट नाही. त्याने नजर तयार होते. ज्या वस्तूंकडे आपण रोज न पाहता जातो, त्या मुलांना दिसू लागतात. सजीवांच्या चित्राबाबत उलेमांची मते वेगवेगळी आहेत, त्यामुळे काही घरांतून मुलांना वस्तूंचेच फोटो काढायला सांगितले जाते, तेही समजण्यासारखे आहे. पण मुले एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, गाडी रस्त्यावर उभी आहे, सगळ्यांना दिसते. मग फोटोला इजाजत कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याला "चांगले दिसत नाही" एवढे उत्तर पुरत नाही.

वस्तूही बोलते

वस्तू मुकी असते, पण तिचा फोटो बराच बोलका असतो. मोटारसायकलीचेच पाहा. क्रमांकाच्या सुरुवातीला एम.एच. ३५ दिसले की गाडी गोंदिया जिल्ह्यातली, हे कुणालाही कळते. पूर्ण क्रमांक सरकारी वाहन ॲपमध्ये टाकला की गाडीचा प्रकार, नोंदणीची तारीख, विमा कधीपर्यंत आहे हे समोर येते. मालकाचे नाव तिथे अर्धवट झाकलेले असते, पण लहान गावात अर्धे नाव पुरते.

आता ती गाडी कुठे उभी आहे ते पाहा. दवाखान्यासमोर, कोर्टासमोर, सावकाराच्या दारात, मुलींच्या शिकवणी वर्गाबाहेर. रस्त्याने जाणारा माणूस ती पाहतो आणि संध्याकाळपर्यंत विसरतो. फोटो विसरत नाही. त्यात दिवस आणि वेळ नोंदली जाते, आणि मोबाईलमध्ये लोकेशन चालू असेल तर ठिकाणही फोटोच्या आत साठते. पाहणे आणि साठवून ठेवणे यांत हाच फरक आहे. दवाखान्यात कोण कशासाठी गेले, हे त्याने घरी सांगितले नसेल. आपल्या सुंदर फोटोने ते गावाला सांगायला नको.

लोकेशनचा धोका वस्तूंपुरता नाही. महाराष्ट्रात सारस पक्षी आता मुख्यतः आपल्या गोंदिया जिल्ह्यात आणि शेजारच्या भागात उरले आहेत, आणि ते घरटे बांधतात धानाच्या बांधीत, म्हणजे कुणाच्या तरी शेतात. घरट्याचा फोटो ठिकाणासह पसरला की पाहणारे शेतात शिरतात. पीक शेतकऱ्याचे तुडवले जाते आणि पक्षीही बिथरतो.

"फायनान्सवाल्याने पाठवले का?"

आठवीच्या मुलांना एका सुट्टीत मी जुन्या वस्तूंचा अल्बम करायला दिला होता. एक मुलगा बाजारात एका जुन्या मालवाहू रिक्षाचा फोटो काढत होता. मालक धावत आला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, "फायनान्सवाल्याने पाठवले का?" दोन हप्ते थकले होते. गाडीचा आणि क्रमांकाचा फोटो काढणारा माणूस म्हणजे वसुलीवाला, ही त्याची समजूत अनुभवातून आलेली होती. मुलाने शाळेचे ओळखपत्र दाखवले, फोटो दाखवला, तेव्हा त्याचा श्वास खाली बसला. नंतर त्यानेच रिक्षाच्या आतला, त्याच्या वडिलांनी लावलेला आरसा दाखवला आणि म्हणाला, "याचा काढ."

आपल्या भागात अनोळखी माणसाने गाडीचा फोटो काढला की मनात तीनच गोष्टी येतात: वसुलीवाला, ई-चलान, नाहीतर चोर. फोटो काढणाऱ्याच्या मनात यातले काहीच नसते. पण त्याचे मन मालकाला दिसत नाही, हातातला मोबाईल तेवढा दिसतो. म्हणून आधी बोलायचे.

इजाजत नजरेसाठीच आहे

आपल्या घरांत इजाजतीचा अदब नवा नाही. सूरह नूरच्या २७ व्या आयतीत दुसऱ्याच्या घरात शिरण्यापूर्वी परवानगी आणि सलाम यांची शिकवण आहे. पुढच्या, २८ व्या आयतीत त्याहून अवघड गोष्ट आहे. परत जा असे सांगितले तर परत फिरावे, आणि त्यातच आपली पाकी आहे. नकार हा अपमान नाही, हे इथे शिकवले आहे.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस संग्रहांत एक प्रसंग आहे. एक माणूस प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या दाराच्या फटीतून आत डोकावत होता. त्यावर आपण (स.) अतिशय नापसंती दर्शवली आणि परवानगीचा नियम नजरेसाठीच ठेवला आहे असे समजावले. पाऊल आत पडले नव्हते, तरी नजर गेली होती. आजचा झूम हा त्या फटीचाच मोठा भाऊ आहे. रस्त्यावर उभे राहून उघड्या खिडकीतील पलंग, दोरीवरचे कपडे, गाडीच्या सीटवरची औषधाची पिशवी टिपता येते. पाय सरकारी रस्त्यावर असले तरी नजर घरात असते.

सूरह हुजुरातच्या १२ व्या आयतीत वाईट संशय, तजस्सुस आणि गीबत या तिन्हींपासून एकत्र रोखले आहे. फोटोच्या बाबतीत तिन्ही एकामागून एक कसे येतात ते पाहा. कुणाची गाडी कुठे आहे हे टिपले, त्यावर अंदाज बांधला, ग्रुपवर टाकून चर्चा केली. पाच मिनिटांत तिन्ही झाले.

कायदा काय म्हणतो

सार्वजनिक रस्त्यावरून दिसणाऱ्या वस्तूचा फोटो काढणे आपल्याकडे सर्वसाधारणपणे गुन्हा नाही. मुलांना भीती घालून खोटे सांगू नये. पण कायद्याची दिशाही त्यांना माहीत असावी. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खाजगीपणा संपत नाही, हा विचारही त्या निकालात आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा एखाद्याने केवळ स्वतःच्या वा घरगुती कामासाठी ठेवलेल्या माहितीला लागू होत नाही. घरचा अल्बम आणि हजारो लोकांसाठी उघडे असलेले खाते यांत फरक का करावा, हे यावरून समजते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ स्त्रीला तिच्या खाजगी क्षणी चोरून पाहणे व टिपणे हा गुन्हा मानते, आणि कलम ७८ पाठलागाविषयी आहे. एकाच मुलीच्या स्कूटीचे रोज फोटो काढणारा मुलगा वस्तूंचा शौकीन राहत नाही. तो तिच्या मागावर आहे, आणि हे त्याच्या घरच्यांनी त्याला वेळीच सांगायला हवे. २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि जानेवारी २०२२ मध्ये 'बुल्ली बाई' या नावांनी मुस्लिम स्त्रियांचे फोटो उचलून त्यांचा खोटा लिलाव मांडला गेला. ते फोटो त्या स्त्रियांनी स्वतःच कुठेतरी ठेवले होते. पण कुठे दिसते आहे म्हणजे कशासाठीही घ्यायला मोकळे आहे, ही समजूत किती खोलवर जाते, हे तेव्हा आपल्या लेकी-बहिणींनी भोगले. तीच समजूत आपल्या मुलांच्या हातून दुसऱ्यावर चालू नये.

चौकट कशी धरावी

चांगली उदाहरणेही आहेत. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या छताला आतून लावलेल्या रंगीत, नक्षीदार आवरणाचे फोटो पत्रकार रेचल लोपेझ यांनी 'द ग्रेटर बॉम्बे' या नावाने इन्स्टाग्रामवर जमवले. अशा फोटोत चौकट छताची असते. वर पाहणाऱ्या कॅमेऱ्यात गाडीचा क्रमांक येत नाही. ३० ऑक्टोबर २०२३ पासून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. आता त्या नक्षीची आठवण अशा फोटोंतच राहील. म्हणजे वस्तूचे सौंदर्य टिपण्यासाठी मालकाला उघडे पाडावे लागत नाही.

मोठ्या कंपन्यांनाही हे शिकावे लागले. जर्मनीत २०१० मध्ये गुगल स्ट्रीट व्ह्यू सुरू होताना सुमारे २ लाख ४४ हजार घरांनी आपले घर धूसर करण्याची मागणी केली आणि ती मान्य झाली. भारतात ही सेवा २७ जुलै २०२२ रोजी दहा शहरांत सुरू झाली. तिच्यात चेहरे आणि गाड्यांचे क्रमांक धूसर केले जातात. जे काम कंपनी करते, ते मोबाईलवर बोट फिरवून आपले मूलही करू शकते.

मुलांची सुरक्षितताही पाहा

पालकांनी दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. ते भिक्षा मागून पोट भरणारे निरपराध लोक होते. मोबाईलवर फिरणाऱ्या अफवांनी त्या काळात गावोगावी संशय पेरला होता. अनोळखी गावात मोबाईल घेऊन शाळेच्या भिंतीजवळ, मुलांच्या सायकलींपाशी घुटमळणारा तरुण आजही संशयात सापडू शकतो. आपल्या नावाच्या मुलावर तो संशय लवकर येतो, हेही आपण जाणतो. सलाम, नमस्कार, नाव, गाव आणि कारण, एवढे आधी सांगितले तर बरेच काही टळते. पोलिसांच्या गाड्या आणि ठाणी, सुरक्षा दलांचे तळ, विमानतळाचा परिसर यांचे फोटो काढूच नयेत. देवरी, सालेकसा भागात तर हे विशेष सांभाळावे.

घरी सांगायचे अदब

एक, मालक जवळ असेल तर आधी विचारावे. "चाचा, तुमच्या गाडीचा रंग फार छान आहे, एक फोटो काढू का?" एवढे पुरते. मालक बाई असेल तर दुरूनच, कुणाच्या तरी समोर विचारावे.

दोन, नाही म्हटले की थांबावे. कारण विचारू नये. फोटो आधीच काढला असेल तर त्यांच्यासमोर पुसावा, आणि "नुकतेच हटवलेले" या फोल्डरमधूनही काढून टाकावा.

तीन, मालक जवळ नसेल तर क्रमांक, नावाची पाटी, पत्ता, दुकानाचा फोन, मुलाच्या दप्तरावरचे नाव चौकटीबाहेर ठेवावे किंवा झाकावे.

चार, वस्तूला हात लावू नये. फोटोसाठी सायकल वळवणे, ताडपत्री उचलणे, सीटवर बसणे हे चालत नाही.

पाच, लोकेशन बंद ठेवावे आणि फोटो त्याच वेळी टाकू नये. दोन-चार दिवसांनी टाकला तर कुणाचे काही बिघडत नाही.

सहा, गरिबीची गंमत करू नये. गोंदिया स्टेशनवर कामासाठी बाहेर निघालेल्या मजुराची गाठोडी, दोरीने बांधलेली चप्पल, ठिगळाची छत्री यांवर हसण्याजोगी ओळ लिहिली की लाइक मिळतात. त्या गाठोड्यात कुणाचे तरी सहा महिन्यांचे घर असते.

आपल्या वस्तूचा कुणी काढला तर

हाच न्याय उलटाही लागतो. आपल्या दाराचा, गाडीचा कुणी फोटो काढताना दिसला तर ओरडून माणसे गोळा करू नयेत. जवळ जाऊन "कशासाठी काढता?" असे विचारावे. नको असेल तर नको म्हणावे, क्रमांक झाकायला सांगावे. कुठे टाकलेला दिसला तर त्याला खाजगी निरोप पाठवून काढायची विनंती करावी. त्याने ऐकले नाही, किंवा फोटोसोबत बदनामी, धमकी असेल, तर स्क्रीनशॉट ठेवून १९३० या सायबर हेल्पलाइनवर विचारावे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी.

आणि ज्याने आनंदाने इजाजत दिली, त्याला फोटोची एक प्रत छापून द्यावी. बाजारातल्या स्टुडिओत ती थोड्या पैशांत निघते. आमच्या वर्गातील त्या मुलाने आरशाचा फोटो छापून रिक्षावाल्याला नेऊन दिला. तो आता रिक्षात, त्याच आरशाखाली चिकटवलेला आहे.