खानदेशचा ठेवा आणि त्याची राखण

नंदुरबार जिल्ह्यातील धानोऱ्यासारखे एखादे गाव डोळ्यांसमोर आणा. एखाद्या घराच्या माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल बांधून ठेवलेले आहेत. शेजारच्या पाड्यावरील म्हातारीला होळीची गाणी रात्रभर पुरून उरतील इतकी पाठ आहेत. शिवेवर शेंदूर लावलेला वाघदेव उभा आहे. या तिन्ही गोष्टी आपल्या वाडवडिलांनी मागे ठेवल्या. पण तिन्हींवरचे संकट निराळे आहे. कागदाला वाळवी लागते, गाणी म्हातारीबरोबर जातात आणि वाघदेव रस्ता रुंद करताना हलविला जातो. हे थोपवावयाचे कोणी?

"सरकारने" हे उत्तर लगेच येते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा १९५८ चा कायदा आहे. पुराणवस्तूंसाठी १९७२ चा आहे. या दुसऱ्या कायद्याप्रमाणे साधारणपणे शंभर वर्षांची वस्तू पुराणवस्तू ठरते, आणि हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षे पुरतात. परंतु जी वस्तू कोणाच्या घरी आहे हेच ठाऊक नाही, तिचे रक्षण कायदा कसा करणार? आणि गाण्याचे वय मोजावयाचे तरी कोठून? सरकार आणि घरमालक यांच्यामध्ये दोघांचाही विश्वास असलेली एक तिसरी व्यक्ती लागते. ती व्यक्ती म्हणजे प्रादेशिक मंडळ.

खानदेशाला असे मंडळ नवीन नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला आणि पुढे एकंदर बावीस खंड काढले. या खंडांतील कागद त्यांना कोणा एका दप्तरखान्यात आयते मिळाले नाहीत. गावोगाव पायपीट करून, लोकांचे माळे आणि पेट्या धुंडाळून ते त्यांनी मिळविले. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले, त्याच्या संस्थापकांत ते होते. पुढे ते पुण्याहून धुळ्यास आले, आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यासच त्यांचे निधन झाले. त्यांचे कागद आणि टिपणे पोरकी होऊ नयेत म्हणून १९२७ साली धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले. त्याच नगरीत शंकर श्रीकृष्ण देव यांच्या सत्कार्योत्तेजक सभेने रामदासी वाङ्मयाची हस्तलिखिते गोळा केली होती. धानोरा त्या काळी पश्चिम खानदेशात, म्हणजे पुढच्या धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा निराळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. तेव्हा धुळ्याचे हे कार्य धानोऱ्याला परके नव्हे.

असे मंडळ नेमके करते काय? पहिले काम शोधण्याचे. दुसरे नोंदण्याचे: वस्तू कोठे मिळाली, कोणाकडे होती, तिच्याविषयी घरचे काय सांगतात, हे लिहून ठेवणे. तिसरे राखण्याचे, आणि चौथे छापून किंवा मांडून लोकांना परत देण्याचे. यांतील दुसरे काम सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत मोलाचे. ठिकाण हरवलेले नाणे म्हणजे नुसता धातूचा तुकडा होय. १९७४ साली दायमाबादला एका शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. ते मोडीत न जाता अभ्यासकांच्या हाती आले आणि जागाही कळली, म्हणून आज त्यांच्याविषयी काही बोलता येते. आपल्या शेजारचे उदाहरण प्रकाशे येथील. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील पांढरीच्या टेकाडाचे उत्खनन बी. के. थापर यांनी १९५४-५५ साली केले आणि ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर उघड झाले. यात्रेकरू ज्या गावाला दक्षिणकाशी म्हणतात, तेथे माणूस साडेतीन हजार वर्षांपूर्वीही चूल पेटवीत होता, हे त्या थरांवरून कळले.

येथवर धुळ्याचा धडा पुरतो. पण सातपुड्याच्या पायथ्याशी आले की तो अपुरा पडतो. येथील बहुतेक ठेवा कागदावर नाही. तो कंठात आहे. मावची, देहवाली, पावरी या बोलींचे नमुने ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीच्या १९०७ च्या खंडात छापले गेले. त्या पाहणीत बोली आली, पण ती बोलणाऱ्यांची सारी गाणी आणि कथा काही आल्या नाहीत. फिनलंडात हेच काम एका मंडळाने केले. १८३१ साली तेथे फिनी साहित्य मंडळ निघाले. त्याच्या मदतीने एल्यास ल्योनरूट हा डॉक्टर खेड्यापाड्यांतून गाणी उतरवीत हिंडला, आणि १८३५ साली त्यातून 'कालेवाला' हे महाकाव्य उभे राहिले. ज्या भाषेला शिष्टसमाजात फारशी किंमत नव्हती, तिच्यापाशी केवढे धन आहे हे त्यामुळे जगाला कळले.

आपल्याकडे हे काम टाकणीवर पडले तर काय होते, हे नर्मदाकाठी दिसले. सरदार सरोवरामुळे अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांतील तेहतीस गावे बाधित झाली. माणसांना दुसरीकडे जमीन देता येते. पण देवाचे झाड, पूर्वजांची जागा, अमुक वळणावर म्हणावयाचे गाणे, यांना बदली जमीन नसते. गाव उठण्यापूर्वी त्याची सांस्कृतिक नोंद करणे हे कोणत्याही एका कचेरीचे काम ठरत नाही. म्हणून ते अनेकांना जोडणाऱ्या मंडळाचे काम आहे.

मात्र येथे एक पथ्य पाळले पाहिजे. रुमालातील कागद धुळ्याला नेला तर तो वाचतो. वाघदेव शिवेवरून उचलून संग्रहालयात ठेवला, तर लाकूड किंवा दगड वाचतो आणि देव जातो. अशा ठेव्याची नोंद न्यावी आणि वस्तू जागीच राहू द्यावी, हाच नियम इष्ट होय. गाणे टिपून घेतले तर त्याची एक प्रत गाणाऱ्यांच्या गावी परत आली पाहिजे, आणि काय सांगावयाचे नि काय नाही हे सांगणाऱ्याने ठरविले पाहिजे. आजवर बाहेरचे अभ्यासक आले, वह्या भरून घेऊन गेले, आणि गावाच्या हाती काही उरले नाही, अशी तक्रार आदिवासी बांधव करतात. ती रास्त आहे.

तेव्हा आरंभ कोठून करावा? इमारतीपासून नव्हे. गावच्या शाळेत एक वही ठेवावी. गुरुजी, पुजारा आणि दोन जाणते म्हातारे यांनी मिळून लिहावे: कोणाकडे काय आहे, कोणाला काय येते, कोणता देव कोठे आहे. वही त्यांच्याच बोलीत असावी. लिपी देवनागरी चालेल. अशा दहा गावांच्या वह्या एकत्र पाहणारे चार लोक जमले की मंडळ झाले. राजवाड्यांचे पहिले दप्तरसुद्धा त्यांच्या खांद्यावरच्या पडशीतून सुरू झाले. कागदासाठी वाळवी थांबत नाही, आणि म्हातारीसाठी काळही थांबत नाही. म्हणून पहिले पान या उन्हाळ्यातच लिहिले गेले पाहिजे.