डभोईची वाट आणि भिलापूरचे रण

वडोदऱ्याहून डभोई सुमारे तीस किलोमीटर. हिरा भागोळीची कोरीव शिल्पे पाहावीत, कालिकामातेचे दर्शन घ्यावे आणि दिवस मावळण्यापूर्वी घरी परतावे, असा आपल्या मंडळींचा परिपाठ आहे. वाटेतील भिलापुरापाशी मात्र कोणी थांबत नाही. १ एप्रिल १७३१ रोजी याच परिसरात मराठ्यांनी मराठ्यांचे रक्त सांडले.

वाद होता गुजरातच्या चौथाईचा. सेनापती दाभाडे यांचा या प्रांतावर हक्क, आणि बाजीराव पेशव्यांनी तेथे आपला हात घातलेला. त्र्यंबकराव दाभाडे यांनी निजामाशी संधान बांधले. पिलाजीराव गायकवाड व उदाजी पवार त्यांच्याच पक्षाला होते. पेशव्यांची फौज संख्येने थोडी होती. परंतु हत्तीवरून तीर सोडणारे त्र्यंबकराव गोळी लागून पडताच सेनापतींचा पक्ष मोडला. पिलाजीराव जखमी होऊन निसटले. त्यांचा एक पुत्र रणातच राहिला.

आमचे विद्यार्थी पालखेडची मोहीम घडाघडा सांगतात. डभोई म्हणताच गप्प होतात. घरच्या वडीलधाऱ्यांनाही हा विषय अडचणीचाच वाटतो. पेशव्यांची बाजू घ्यावी, की ज्यांच्या छायेत आपण येथे नांदलो त्या गायकवाडांची? आम्हांस विचाराल, तर कोणतीच घेऊ नये. पण प्रसंग मुलांपासून लपवूही नये. शाहू महाराजांनी पुढे सेनापतिपद बालवयातील यशवंतराव दाभाड्यांना दिले आणि मुतालकी पिलाजीरावांकडे आली. दाभाड्यांचे तेज ओसरले, गायकवाडांचे वाढले, १७३४ मध्ये वडोदरे कायमचे त्यांच्या हाती आले. त्यांच्यामागून आपली घराणी आली. रण जिंकले पेशव्यांनी, गुजरातेत मुळे धरली ती हरलेल्यांनी!

शेतांत त्या दिवसाची खूण शोधून सापडावयाची नाही. डभोईचा किल्ला मात्र त्याहून कितीतरी जुना, तेराव्या शतकातील. पूर्वेस हिरा, पश्चिमेस वडोदरी, उत्तरेस चांपानेरी, दक्षिणेस नांदोदी अशी त्याची चार दारे. जानेवारी १७८० मध्ये जनरल गॉडर्डने तो घेतला. जेम्स फोर्ब्स हा इंग्रज कलेक्टर तेथे तीन वर्षे राहिला, आणि सालबाईच्या तहानंतर, १७८३ मध्ये, गाव मराठ्यांना परत मिळाले. त्याने हिरा भागोळीचे चित्र काढून ठेवले आहे.

जावयाचे तर सकाळी जावे. दार पूर्वेचे असल्याने ऊन तेव्हाच बाहेरच्या शिल्पांवर पडते.