तुन्-हुआंगची मुद्रित वज्रच्छेदिका व तिची पुष्पिका

चीनमधील तुन्-हुआंग येथील लेण्यांत भिंतीआड बुजविलेली ग्रंथांची खोली १९०० सालीं उघडली. १९०७ सालीं ऑरेल स्टाइन यांनीं अल्प द्रव्य देऊन तींतील हजारों गुंडाळ्या नेल्या. चिनी विद्वान् यास लूट म्हणतात. तें आम्हांस अनुचित वाटत नाहीं. त्यांतलीच एक, सांप्रत लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत असलेली, म्हणजे संस्कृत वज्रच्छेदिकेचें कुमारजीवकृत चिनी भाषांतर. तें लांकडी ठशांनीं छापलेलें असून, आरंभींचें चित्र धरून जोडलेले सात कागद सुमारें ५ मीटर भरतात. कागद पिंवळा आहे, तो केवळ जुनेपणामुळें नव्हे. कीड लागूं नये म्हणून झाडाच्या सालीच्या रंगांत तो बुडवीत. आपल्या हरताळ लावलेल्या पोथ्या येथें आठवतात.

परंतु खरें मोल पुष्पिकेचें. शिएन्-थुंग् राजशकाचें ९ वें वर्ष, चौथा महिना, १५ वा दिवस, म्हणजे इ. स. ८६८, मे ११, ही मिति तींत आहे. ती ओळ कोणी कापून घेतली असती, तर मितियुक्त संपूर्ण मुद्रित ग्रंथांत सर्वांत जुना हाच, असें निश्चयानें सांगतां आलें नसतें. वांग् च्ये नामक गृहस्थानें मातापित्यांप्रीत्यर्थ, सर्वांस फुकट वांटण्यासाठीं हा ग्रंथ करविला, असेंही तींत आहे. त्या मातापित्यांचीं नांवें मात्र त्यानें दिलीं नाहींत.