रविवारची गाडी सोमवारी चालेल का?

रविवारी पहाटे ताम्हिणी घाटातला रस्ता मोकळा असतो. वळणाआधी ब्रेक, तिसऱ्यावरून दुसरा गिअर आणि वळण संपता संपता पुन्हा ॲक्सिलरेटर, हा क्रम जमून आला की मॅन्युअल गिअरची चपळ गाडी चालवण्यातला आनंद वेगळा सांगावा लागत नाही. तीच गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला वाकडहून हिंजवडीकडे निघते तेव्हा मात्र चित्र पालटते. डावा पाय क्लचवरून हलत नाही, गाडी दुसऱ्या गिअरच्या पुढे जात नाही आणि शेजारची ऑटोमॅटिक हॅचबॅक तेवढ्याच वेळात तेवढेच अंतर कापत असते. त्यातच जुलैचा पाऊस असेल, तर पाण्याखालचा खड्डा किती खोल आहे याचा अंदाज बांधण्यात उरलेले लक्ष खर्ची पडते.

स्पोर्ट्स कार किंवा तिच्या जवळपास जाणारी गाडी घेऊन ती वर्षभर रोजच्या कामावर वापरण्याचा विचार करणाऱ्यांपुढे हाच खरा प्रश्न आहे. बहुतेकजण निवड करतात ती रविवारच्या पहाटेकडे पाहून. गाडीला मात्र वर्षातले बहुतेक दिवस सोमवारच्या रस्त्यावर काढायचे असतात. पंधरा-वीस लाखांची खरेदी आणि पुढची सात-आठ वर्षे यांचा हा हिशेब असल्याने तो वर्षातल्या सर्वांत वाईट दिवसापासून मांडणे शहाणपणाचे ठरते.

भारतात पर्याय कोणते?

शब्दशः स्पोर्ट्स कार म्हणावी अशी, म्हणजे बुटकी, हलकी आणि दोन आसनांची परवडणारी मॅन्युअल गाडी भारतीय बाजारात जवळजवळ नाहीच. जगभर या वर्गाचा मानदंड मानली जाणारी, १९८९ साली अवतरलेली माझदा एमएक्स-५ इथे अधिकृतपणे विकली गेली नाही. गोव्यात तयार होणाऱ्या सॅन स्टॉर्म या दोन आसनी गाडीने तसा प्रयत्न केला होता. पण ती बाजारात फार काळ टिकली नाही. बीएमडब्ल्यूने २०२३ मध्ये एम-२ ही गाडी भारतात आणली, तेव्हा सहा गिअरचा मॅन्युअल पर्यायही दिला. तिची शोरूम किंमत मात्र त्या वेळी ९८ लाख रुपयांपासून सुरू होत होती.

त्यामुळे सामान्य हौशी ग्राहकाच्या आवाक्यात उरतात त्या साध्या गाड्यांच्या चपळ आवृत्त्या. ह्युंदाईच्या आय-२० एन लाइनला २०२३ मध्ये सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स मिळाला; तिचे एक लिटरचे टर्बो इंजिन १२० पीएस शक्ती देते. टाटाची अल्ट्रोझ रेसर २०२४ मध्ये त्याच शक्तीच्या १.२ लिटर टर्बो इंजिनासह आणि केवळ मॅन्युअल गिअरमध्ये आली. सेडान गाड्यांत फोक्सवॅगन व्हर्टस जीटी (१५० पीएस) आणि २०२३ ची ह्युंदाई व्हर्ना टर्बो (१६० पीएस) यांनी मॅन्युअलची सोय दिली. बाजारातील आवृत्त्या वरचेवर बदलत असल्याने आज कोणती मिळते, हे वितरकाकडे तपासून घ्यावे.

याहून अधिक शक्तीच्या आयात गाड्यांत मॅन्युअल मावळत चालला आहे. २०२५ मध्ये भारतात आलेल्या गोल्फ जीटीआय आणि ऑक्टेव्हिया आरएस या दोन्ही गाड्या केवळ ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह आल्या. ‘स्वतः गिअर टाकायचे’ हा हट्ट असेल, तर निवड अशी आपोआप आटोपशीर होते. किमतीतही फरक पडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के, तर त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. आय-२० एन लाइन पहिल्या वर्गात बसते, व्हर्टस आणि व्हर्ना दुसऱ्या.

डाव्या पायाचा हिशेब

मॅन्युअल गाडीची खरी परीक्षा क्लचवर होते. इंजिनबरोबर फिरणारे फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लचप्लेट दाबून धरलेली असते. पेडल पूर्ण सोडले की ती घसरत नाही. पूर्ण दाबले की ती मोकळी होते. झीज होते ती या दोहोंच्या मधल्या अवस्थेत, म्हणजे ‘हाफ क्लच’वर. तेव्हा प्लेट घासत फिरते आणि तापते.

पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून, ॲक्सिलरेटर न देता गाडी चालली, तरी तिचा वेग साधारणतः ताशी सहा-आठ किलोमीटर असतो. वाहतूक त्याहून हळू सरकत असेल, तर हाफ क्लचशिवाय गत्यंतर नसते. लहान टर्बो इंजिनांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. त्यांचा जोर साधारण १५०० फेऱ्यांच्या पुढे येतो. त्याखाली गाडी ओढत नाही, म्हणून चालक नकळत क्लच अर्धवट दाबून इंजिन वर ठेवतो. शिवाय जास्त जोराच्या इंजिनाला प्लेट घट्ट धरणारी कडक स्प्रिंग लागते. त्यामुळे अशा गाडीचे पेडल कौटुंबिक हॅचबॅकपेक्षा जड लागू शकते.

समजा, कार्यालय १५ किलोमीटरवर आहे आणि गर्दीत किलोमीटरमागे दहा वेळा क्लच दाबावा लागतो. जाऊन-येऊन दिवसाला तीनशे वेळा आणि वर्षाच्या अडीचशे कामाच्या दिवसांत ७५ हजार वेळा. शोरूमबाहेरच्या दहा मिनिटांच्या फेरीत न जाणवलेला पेडलचा जडपणा सहा महिन्यांनी गुडघ्याला जाणवतो तो यामुळे.

ऑटोमॅटिक घेतली की प्रश्न सुटला, असेही नाही. वर उल्लेखिलेल्या एन लाइनच्या आणि व्हर्टस जीटीच्या ऑटोमॅटिक आवृत्तीत कोरड्या प्रकारचा दुहेरी क्लच असतो आणि सरकत्या गर्दीत तोही तापतो. अशा गर्दीला सर्वांत चांगले तोंड देतो तो टॉर्क कन्व्हर्टर, कारण त्यात घासणाऱ्या प्लेटऐवजी द्रव पदार्थ काम करतो. म्हणून रोजचा तासाहून अधिक वेळ अगदी मुंगीच्या पावलाने जात असेल, तर मॅन्युअलचा मोह आवरणे हेच प्रामाणिक उत्तर आहे. रस्ता गर्दीचा पण वाहता असेल, अधूनमधून तिसरा-चौथा गिअर पडत असेल, तर मात्र मॅन्युअल सुखाने चालवता येते.

गतिरोधक आणि गाडीचे पोट

स्पोर्ट्स कारचा गुरुत्वमध्य खाली असावा म्हणून तिची उंची कमी ठेवतात. ‘आपल्या गतिरोधकांवर ती घासणारच’ असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धसत्य आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असावा. अडीच मीटर चाकांतर असलेली गाडी अशा गोलाईवर उभी राहिली, तर तिच्या पोटाखालची जागा जेमतेम साडेचार सेंटिमीटरने कमी होते. म्हणजे १२ सेंटिमीटर ग्राउंड क्लिअरन्सची गाडीही त्यावरून हळू गेली तर घासू नये.

घासते ती नियमाबाहेरच्या उंचवट्यांवर. अर्ध्या मीटरच्या रुंदीत पंधरा सेंटिमीटर उंची गाठणारा डांबराचा बांध, सोसायटीच्या फाटकातील सिमेंटची कड, तळघरात उतरणाऱ्या उताराचे तीव्र टोक आणि यांत्रिक पार्किंगच्या पाळण्याची लोखंडी किनार ही खरी संकटे आहेत. कागदावरचा आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो, हेही विसरू नये. चार माणसे आणि डिकीत सामान भरले की स्प्रिंग दबून तो कमी होतो. व्हर्टससारख्या सुमारे १८० मिलिमीटर क्लिअरन्स असलेल्या गाडीत ही चिंता फारशी राहत नाही. रूप वाढवण्यासाठी बाहेरून छोट्या स्प्रिंगा बसवून गाडी खाली घेणाऱ्यांनी मात्र आपल्या सोसायटीचे फाटक आधी मोजावे.

पावसाळ्याची परीक्षा

वर्षभराचा वापर म्हटला की महाराष्ट्रात चार महिने पावसाचे. त्यात पहिला विचार टायरचा. एन लाइनला १९५/५५ आर १६ मापाचे टायर येतात. त्यातील दुसरा आकडा टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची सांगतो. ती रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे सुमारे १०७ मिलिमीटर असते. अनेकजण गाडी घेताच १७ इंची चकचकीत रिम आणि २१५/४५ चे टायर बसवतात. तेव्हा ही भिंत ९७ मिलिमीटरवर येते. फरक एका सेंटिमीटरचा दिसतो, पण पाण्याखालच्या खड्ड्यात चाक आपटते तेव्हा धक्का सोसणारी रबराची गादी तेवढीच असते. ती अपुरी पडली की टायरला फुगा येतो किंवा रिम वाकते.

टायर रुंद असणे ओल्या रस्त्यावर नेहमीच लाभाचे नसते. वेगात असताना खाचांतून पाणी बाहेर फेकले गेले नाही, तर टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागतो आणि मग स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही निरुपयोगी ठरतात. रुंद आणि झिजलेल्या टायरवर ही वेळ लवकर येते. टायरवरची झीजखूण १.६ मिलिमीटरची असते. ती दिसेपर्यंत न थांबता जूनपूर्वीच खाचा पाहून घ्याव्यात.

दुसरा प्रश्न साचलेल्या पाण्याचा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत असंख्य गाड्या पाण्यात अडकल्या. इंजिन हवा आत ओढते. त्या वाटेने पाणी शिरले, तर ते हवेसारखे दाबले जात नाही आणि पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. बुटक्या गाडीत ही वाट खाली असण्याची शक्यता अधिक असते. म्हणून पाणी चाकाच्या मध्यापर्यंत दिसत असेल, तर मागे फिरावे. गाडी पाण्यात बंद पडली, तर पुन्हा चावी फिरवू नये. ढकलून बाहेर काढावी. बंद गाडी पुन्हा सुरू करताना झालेले इंजिनाचे नुकसान साध्या विमा पॉलिसीत बहुधा बसत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड घ्यावी लागते.

मग मॅन्युअल घ्यावीच का?

घ्यावी, आणि त्याला कारणे आहेत. खंडाळा किंवा वरंध घाट उतरताना खालचा गिअर टाकून इंजिनाच्या जोरावर गाडी रोखता येते. ब्रेक तापत नाहीत. मॅन्युअल गिअरबॉक्स सहसा हलका आणि स्वस्त असतो, दुरुस्तीही ओळखीच्या मेकॅनिकला जमते. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर मोटारींची वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे. तीनशे-चारशे अश्वशक्तीचा उपयोग तिथे कायदा मोडल्याशिवाय करता येत नाही. सव्वाशे-दीडशे पीएसची हलकी मॅन्युअल गाडी मात्र कायद्याच्या चौकटीतही चालकाला गुंतवून ठेवते. रोजच्या वापराच्या गाडीत आनंद मिळतो तो या गुंतण्यातून.

जुन्या गाड्यांच्या बाजारात काही मोहक नावे आढळतात. २०१५ मध्ये आलेली १४५ पीएसची अबार्थ पुंटो त्यांपैकी एक. फियाट भारतातील मोटार विक्रीतून बाहेर पडली, फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन थांबवण्याचा निर्णय घेतला. अशा गाड्या हौसेला ठीक. पण एका सुट्या भागासाठी गाडी महिनाभर गॅरेजात राहिली, तर कामावर कशाने जायचे, याचे उत्तर आधी हवे. ज्यांच्या घरी दुसरे वाहन आहे, त्यांनीच त्या वाटेला जावे.

घरातल्या इतरांचे मत घेणेही अगत्याचे आहे. गाडी पती-पत्नी दोघे चालवणार असतील, तर क्लच दोघांनाही झेपला पाहिजे. वडीलधाऱ्यांना खाली वाकून बसावे लागत असेल, तर महिनाभरात ती गाडी एकट्याची होऊन बसते.

चाचणी घेताना

• गाडी वितरकाच्या नव्हे, आपल्या नेहमीच्या रस्त्यावर आणि नेहमीच्या वेळी चालवून पाहावी. निदान एक तास तरी गर्दीत काढावा.

• उड्डाणपुलाच्या चढावर थांबून पुन्हा गाडी काढावी. चढावर गाडी धरून ठेवणारी सोय आहे का, हे विचारावे.

• दुसऱ्या गिअरमध्ये ताशी पंधरा किलोमीटरवर ॲक्सिलरेटर देऊन पाहावा. गाडी कुरकुर न करता उचलते का, हे महत्त्वाचे.

• चार माणसे बसवून सोसायटीच्या फाटकातून आणि पार्किंगच्या उतारावरून न्यावी.

• क्लच पूर्ण संच बदलण्याचा आणि एका टायरचा खर्च लेखी विचारून घ्यावा.

• डावा पाय क्लचवर टेकवून ठेवण्याची सवय असेल, तर ती आधी मोडावी. पुढे थोडे अंतर पडू द्यावे, मग एकदाच गाडी पुढे न्यावी, थांबल्यावर न्यूट्रल करावी. क्लचचे आयुष्य यावर ठरते.

एवढे करूनही, तासाभराच्या गर्दीनंतर गाडीतून उतरताना पुन्हा बसावेसे वाटले, तर ती गाडी घ्यायला हरकत नाही. तिला सोमवारही पेलेल आणि रविवारही.