‘नांदेड ४४’: एका बियाण्याचे अनेक मायबाप

दोन संस्था एकत्र आल्या की ज्ञान वाढते, असे आपण गृहीत धरतो. मराठवाड्यातील एका कापूस वाणाची कथा मात्र वेगळे सांगते.

‘नांदेड ४४’ हा संकरित वाण नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने गेल्या शतकात १९८० च्या दशकात दिला. कमी पाण्यात तग धरणारा, तुडतुड्यांसारख्या रसशोषक किडींना सहसा दाद न देणारा हा वाण कोरडवाहू शेतकऱ्याने आपलासा केला. त्याचे मायबाप दोन: राजस्थानचा ‘बिकानेरी नरमा’ आणि ‘एसी-७३८’. संकरित बियाणे दरवर्षी नव्याने घडवावे लागते. मजूर बाया संध्याकाळी मादी वाणाच्या कळीतील पुंकेसर खुडतात, सकाळी नर वाणाचे पराग लावतात. त्यांच्या बोटांतले कौशल्यही या ज्ञानाचाच भाग. पण कोणत्याही करारावर त्यांची सही नसते.

२००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळीला रोखणारे जनुक नसलेला नांदेड ४४ पाहता पाहता मागे पडला. मग दिल्ली, धारवाड आणि नागपूर येथील सरकारी संशोधकांनी मिळून ‘बिकानेरी नरमा’त बीटी जनुक घातले. २००९ पर्यंत त्या वाणाला व त्यापासूनच्या नांदेड ४४ ला लागवडीची परवानगीही मिळाली. पण बियाण्यात मोन्सँटोच्या जनुकाचे अंश आढळले. विक्री थांबली आणि प्रा. सुधीर सोपोरी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. तीन ठिकाणी काम वाटले की बियाणे हातोहात फिरते. पण ते शुद्ध आहे का, हे शेवटपर्यंत पाहण्याची जबाबदारी कोणाची, हे आधीच ठरवावे लागते.

पुढे परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि अकोल्याचे महाबीज यांनी करार केला व बीजी-२ जनुकासह नांदेड ४४ शेतकऱ्यांपर्यंत परत आला. जनुक परक्या कंपनीचे. पण मायबाप वाण विद्यापीठाचे आणि बीजोत्पादनाची यंत्रणा महाबीजची. प्रत्येकाकडे दुसऱ्याकडे नसलेले काहीतरी होते.

हे जमले, कारण बाजाराने पाठ फिरवली तरी मायबाप वाण जपले गेले होते. ते हरवले असते, तर करार कशाचा करायचा होता?